तिसरा जोड

ज्या रानात वर्षभर पाटाचं पाणी फिरतं, त्याच रानाखालून तेहतीसशे व्होल्टची केबल न्यायची ही अक्कल कुणाची होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. नकाशा मुंबईत काढलेला होता. मुंबईच्या नकाशावर ऊस म्हणजे हिरवी शाई, तिला पाणी द्यावं लागत नाही. आता माझं वय झालं, पुष्कळ गोष्टी विसरलो, माणसांवरचे रागही बरेचसे निवले. त्या केबलचा राग मात्र अजून तसाच आहे, आणि त्यातल्या मोठ्या वाट्याचा धनी मीच आहे. म्हणून लिहायला बसलो.

तिसाच्या दशकाची सुरुवात होती. बारामती आणि इंदापूर यांच्या मधे, नीरेच्या अंगाला, एका मळेवाल्या कंपनीची ऊसशेती होती. ती कंपनी कधीच बुडाली. पाटाच्या खालच्या रानांना पाणी आपोआप मिळायचं, पण पाटाच्या वरची चढावरची जमीन कोरडी राहायची. तिच्यासाठी नदीवर पंप बसवायचे ठरले आणि पंपांसाठी वीज. इंजिनघर कंपनीच्या आवारात, पंपघर नदीवर, मधे दीड मैल ऊस. खांब रोवले तर उसाच्या गाड्यांना आडवे येतील असं कुणीतरी म्हणालं, म्हणून वीज जमिनीखालून न्यायची झाली.

मी बारामतीचा. पुण्याला विजेच्या कामाचा वर्ग पुरा केला, मुंबईत दोन वर्षं एका वर्कशॉपात राबलो आणि या कंपनीत टेस्टर म्हणून लागलो. टेस्टर म्हणजे काय ते माझ्या वडिलांना शेवटपर्यंत उमगलं नाही. पोरगा विजेची नाडी बघतो, असं ते लोकांना सांगत. तसं ते फारसं चुकीचं नव्हतं.

केबलच्या पोटात तांब्याच्या तारा असतात. त्यांच्याभोवती तेलात मुरवलेल्या कागदाचे वेढे, त्यावर शिशाचं कवच आणि सगळ्यात वर लोखंडी पट्टी. वीज तांब्यात राहते ती त्या कागदाच्या जिवावर. कागदाला ओल लागली की ती वाट काढते, शिशात उतरते, जमिनीत उतरते, आणि मधे माणूस असला तर त्याच्यातही उतरते. कागद कोरडा आहे की नाही ते सांगणारं यंत्र म्हणजे मेगर. लाकडी पेटी, एका अंगाला फिरवायचा दांडा, वर काचेखाली काटा. एक तार तांब्याला लावायची, दुसरी शिशाला, आणि दांडा एका लयीत मिनिटभर फिरवायचा. केबल लांब असली की काटा आधी शून्याकडे कोसळतो, मग हळूहळू चढतो. चांगल्या केबलवर तो शंभराच्या पुढे जाऊन पार टोकाला टेकतो. ओल्या केबलवर दोन-तीनाशी येऊन बसतो, आणि मग दांडा मोडेस्तोवर फिरवा, तो काही हलत नाही. मजूर त्याला काट्याची पेटी म्हणत.

केबलची रिळं दौंडहून छोट्या रेल्वेनं बारामतीला आली. एकेक रीळ पुरुषभर उंच. आठ-आठ बैलांच्या गाड्यांवरून ती मळ्यावर आणली. पंपघरावर ज्याला नेमायचं होतं तो माणूस त्या गाड्यांबरोबर होता. शेळगावचा, पंचेचाळिशीचा, अंगानं शिडशिडीत. सगळे त्याला आबा म्हणत, मीही म्हणत असे. गावाकडची जमीन भावाभावांत वाटत वाटत अंगणाएवढी उरली होती, म्हणून तो कंपनीत मोटेवर लागला होता. पंप बसवणाऱ्या फिटरच्या मागे मागे राहून तो पंप शिकला. अक्षरओळख नव्हती, पण पंपानं हवा धरली की आवाजावरून सगळ्यांच्या आधी त्याला कळायचं. पंपघराला लागून एक खोली होती, दारात लिंबाचं झाड. ती खोली नोकरीबरोबर मिळणार होती. त्याची बायको केबल यायच्या आधीच तिथं सारवून गेली होती.

माझी पेटी बघून त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मास्तर, काटा कुठं गेला म्हंजे चांगलं?" मी बोटानं टोक दाखवलं. "आन हिकडं ऱ्हायला तर?" तर केबल गेली, म्हणालो. त्यानं मान हलवली आणि गाडीकडे गेला.

आमचे विजेचे साहेब पुण्याचे, विलायतेत शिकून आलेले. आवाज कधी चढवायचे नाहीत. माझ्यासारख्या पोरसवद्या माणसालाही अहोजाहो करायचे. मला त्यांचं फार कौतुक होतं, हे आज लिहितानाही मला माझी चीड येते.

दीड मैलात तीन जोड होते. जोडासाठी मुंबईहून एक जॉइंटर आला होता. म्हातारा, तोंडाळ आणि कामात पक्का. प्रत्येक जोडाच्या खड्ड्याशी तो तीन दगडांवर तेलाचं भांडं ठेवायचा. तेल कढलं की केबलच्या कागदाची एक पट्टी सोलून त्यात सोडायचा. कोरडा कागद मुकाट बुडतो. ओला असला तर फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडतो आणि फेस येतो. पहिल्या दोन जोडांवर कागद मुकाट बुडाला. त्यानं तारा जोडल्या, वर बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, पेटी बसवली आणि डांबरासारखं काळं कंपाउंड वितळवून ओतलं. मी दुसऱ्या जोडापर्यंतची केबल तपासली. काटा टोकाला गेला.

तिसरा जोड ऐन उसात होता. केबलची दोन्ही तोंडं उघडी करून ठेवली आणि आम्ही जेवायला बसलो. त्या दिवशी त्या पट्टीची पाण्याची पाळी होती, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. पाटकऱ्यानं पाणी सोडलं, बांध फुटला, आणि आम्ही हात धुऊन येतो तो खड्डा मांडीपर्यंत भरलेला. उघडी तोंडं तळाशी. जॉइंटरनं पाटकऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग साहेबांना म्हणाला, "दोन्हीकडनं चार-चार हात कापून टाकायला पायजे. मधे नवा तुकडा आणि दोन जोड. तीन दिवस लागतील."

चौथ्या दिवशी मुंबईहून डायरेक्टर मंडळी उद्घाटनाला यायची होती. साहेबांनी घड्याळ काढून बघितलं. "पाणी उपसा, दिव्यानं शेकून घ्या आणि बंद करा," ते म्हणाले. पाणी उपसलं, तोंडं शेकली, तारा जोडल्या, कंपाउंड वितळलं, आणि ओतायच्या आधी जॉइंटर अडला.

"साहेब, निदान तेलात कागद तरी बघू द्या."

"कंपाउंड थंड होतंय," साहेब शांतपणे म्हणाले. "ओता."

त्यानं ओतलं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "मी हमाल. टेस्टर तू. काट्याला विचार आता." आणि पिशवी उचलून बारामतीच्या गाडीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी इंजिनघरातून मी सगळी केबल तपासली. काटा शून्याला गेला, चढू लागला आणि तीनावर येऊन बसला. मी तारा सोडवल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. पुन्हा तीन. तिसऱ्यांदा खांदा भरून येईपर्यंत दांडा फिरवला. साहेब मागे उभे होते.

"किती?"

"तीन."

"दुसऱ्या जोडापर्यंत किती होते?"

"शंभराच्या वर."

"मग शंभर लिहा. लोड आला की केबल तापेल, ओल आपोआप जाईल. मी हे तिकडे पाहिलेलं आहे. तुम्ही समजू शकता, म्हणून तुम्हाला सांगतो. इथे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही."

मी शंभर लिहिलं आणि खाली सही केली. भीतीपोटी केली असती तर एक वेळ स्वतःला माफ केलं असतं. मी केली ती, साहेबांनी मला समजणाऱ्या माणसांत धरलं म्हणून. त्या दिवशी मी चांगला खुशीत जेवलो.

उद्घाटन झालं. पंपघराच्या भिंतीवर, जिथं केबल जमिनीतून वर येऊन संपते, तिथं बीडाचा एक काळा डबा होता. मुख्य डायरेक्टरांनी त्याच्यासमोर नारळ फोडला आणि त्याच डब्यावर नारळाचं पाणी शिंपडलं. हळदकुंकवाचं तबक आमच्या साहेबांच्या हातात होतं. कळ दाबली, पंप चालू झाले, पाणी वर गेलं, पेढे वाटले. आबा नवं मुंडासं बांधून पंपाशी उभा होता.

चार महिने केबल चालली. मी मनातल्या मनात साहेबांना मानलं. साहेब म्हणाले तसं सुकलं असेल, अशी मी माझी समजूत घातली. पुन्हा मेगर लावून बघायला कुणी माझा हात धरला नव्हता, पण मी लावला नाही.

खंडेनवमीला सगळीकडे हत्यारं-अवजारं पूजली जातात. कंपनीच्या स्टोअरमधून दर यंत्रामागे एक नारळ मिळायचा. आदल्या दिवशी शेळगावहून सांगावा आला होता, आबाचा चुलता वारला. सुतक लागलं. सुतकात पूजेला हात लावायचा नाही. पण पंपघरावरचा दुसरा माणूस सणाला गावी गेलेला. दुसऱ्या कुणाला बोलवायचं तर सुतक सांगायला हवं, आणि सुतक सांगितलं तर पंपाला हात तरी कसा लावायचा, असा त्याला पेच पडला. पंप बिनपूजेचा ठेवणंही त्याच्या मनाला पटेना. शेवटी कुणाला काही न सांगता त्यानं स्वतःच पूजा केली. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, काळ्या डब्यावर पाणी शिंपडलं. डायरेक्टरांनी केलं होतं तसंच.

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला इंजिनघरात धाडकन आवाज झाला. मुख्य स्विच पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. दीड मैलांवर पंप थांबले. चढावरच्या रानात उसाची नवी लागण झालेली, तिला दिवसाआड पाणी हवं.

मी मेगर काढतच होतो, तेवढ्यात आबा ऑफिसात आला. सगळी वाट चालत आला होता, अनवाणी. साहेबांच्या टेबलासमोर त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं.

"साहेब, माझ्या हातनं झालं ह्ये. सुतक आसताना म्या पूजा केली. कुणाला सांगितलं न्हाय. म्हणून कोपलं मशीन."

साहेब एरवी असल्या गोष्टींची टिंगल करायचे. कुणी यंत्राला लिंबूमिरची बांधली तर स्वतः तोडून फेकायचे. त्या दिवशी हसले नाहीत. लेखणी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पाणी शिंपडलंस?"

"व्हय जी. नारळाचं."

"कुठे?"

"त्या काळ्या डब्यावं."

"केबलच्या डब्यावर."

"व्हय."

साहेबांनी कागद ओढला आणि सुंदर अक्षरात लिहिलं, की पंपवाल्यानं उच्च दाबाच्या उपकरणावर मनाई असताना पाणी टाकलं, त्यामुळे केबल निकामी झाली आणि हे त्याला मान्य आहे. सुतकाचा त्यात उल्लेख नव्हता. मनाई कधी झाली होती, तेही नव्हतं. आबानं अंगठा उठवला. मग साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा."

तो डबा बोटभर जाड बीडाचा, चारी बाजूंनी बोल्ट आवळलेला, आतून कंपाउंडनं गच्च भरलेला. तो नीरेत बुडवून ठेवला असता तरी आत थेंब गेला नसता. हे साहेबांना माहीत होतं, मला माहीत होतं. तिसऱ्या जोडानंतर काटा तीनावर बसला होता, हे तर आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी सही केली.

आबाला दोन दिवसांत खोली रिकामी करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी घेऊन पंपघरावर गेलो. खोलीच्या दारात त्याची बायको भांडी गोणपाटात बांधत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. आबा चिंध्या घेऊन पंपाची पितळी झाकणी घासत बसला होता, जणू उद्याही तोच येणार होता कामावर.

"मास्तर," त्यानं विचारलं, "सुतकानं जळती का वो केबल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्यावर खेकसलो. अडाणी आहेस, तुझ्यासारख्यांच्या डोक्यातली ही जळमटं कधी जाणार, कुणी विचारलं नव्हतं तर तोंड उघडायला गेलास कशाला, असं वाटेल ते बोललो. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्याची बायको मात्र भांडी सोडून उभी राहिली आणि म्हणाली, "तुमाला काय व्हतंय वो बोलाया? जागा आमची ग्येली."  त्याच्या अडाणीपणावर ओरडणं सोयीचं होतं, म्हणून मी ओरडत होतो.

मी कामाला लागलो. मोटर तपासली, चांगली. स्विच तपासला, चांगला. काळ्या डब्याचे बोल्ट काढले. आत कंपाउंड आरशासारखं चकचकीत, कोरडं ठणठणीत. कुंकवाचा कणसुद्धा आत गेलेला नव्हता. मग डब्यातलं टोक कापून मोकळं केलं, त्यातल्या कागदाच्या दोन पट्ट्या खिशात ठेवल्या आणि केबलला मेगर लावला. शून्य.

साहेबांकडे जाऊन सांगितलं. "डब्यात काही नाही. तिसरा जोड उकरायला हवा."

"डबा बदला," साहेब म्हणाले. "टोक नव्यानं बांधा आणि पुन्हा टेस्ट घ्या."

"पुन्हा शून्यच येणार."

"आधी घ्या तर. दोन दिवस लागतील ना? लागू देत."

दोन दिवस. तेवढ्यात खोली रिकामी होणार, माणूस शेळगावला पोचणार, आणि मग जोड सापडला काय नि नाही काय. इतक्या सभ्य आवाजात एखाद्याचा गळा कापता येतो, हे मी तेव्हा समोर उभा राहून ऐकलं. मी बाहेर आलो, दोन मजूर घेतले आणि परवानगी न विचारता तिसरा जोड उकरायला लागलो. थोड्या वेळानं बघतो तर खड्ड्यात तिसरं फावडं चालत होतं. आबा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

बीडाची पेटी लागली तेव्हा जळक्या डांबराचा भपकारा आला. पेटीला एका अंगानं तडा गेला होता, आत सगळा कोळसा. मी तीन दगड मांडले, तेल चढवलं. तेवढ्यात घोड्यावरून मळ्याचे मॅनेजरसाहेब आले. पाणी बंद पडलेलं, लागण सुकत चाललेली, त्यांचं डोकं आधीच फिरलेलं होतं. त्यांच्यामागून टोपी सावरत आमचे साहेब आले.

"उसात काय खणताय?" मॅनेजर ओरडले.

मी खिशातली पट्टी काढली. "ही पंपघराच्या डब्यातली." तेलात सोडली. मुकाट बुडाली. मग जोडापासून हातभर अंतरावरची केबल कापली, कागद सोलला. "ही इथली." तेलात पडताच ती तडतडली. फेस भांड्याच्या काठापर्यंत आला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे पाणी इथनं शिरलं. डब्यातनं नाही. जोड करताना खड्ड्यात पाटाचं पाणी भरलं होतं. चार महिने कागद आतून कुजत होता."

मॅनेजरांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी रजिस्टर बरोबर आणलं होतं. तयारीनं आले होते. पान उघडून त्यांनी पुढे केलं. "टेस्टरची नोंद शंभर आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "सही त्यांचीच आहे. मी नोंदीवर विश्वास ठेवला."

 त्यांची मान धरावी असं वाटलं. पण सही खरोखरच माझी होती.

"नोंद खोटी आहे," मी म्हणालो. "काटा तीनावर होता. मी शंभर लिहिलं."

"का?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून."

"तसं कुठे लिहून दिलंय त्यांनी?"

कुठेच नव्हतं. साहेब उसाच्या तुऱ्यांकडे बघत होते.

आबा खड्ड्यात उभा होता, कंबरेपर्यंत. फावडं टेकून माझ्याकडे वर बघत होता.

"म्हंजे तुमाला तवापासनं ठावं व्हतं," तो म्हणाला.

"होय."

"म्या आंगठा उठवला तवाबी?"

"होय, आबा."

"तुमी तितंच हुबं व्हता."

 तो मग वाकला आणि खड्ड्यातला चिखल घमेल्यात भरू लागला.

मॅनेजरांनी कबुलीचा कागद मागवून घेतला आणि तिथंच फाडला. न्यायाची चाड होती म्हणून नव्हे. ते पंप आवाजावरून ओळखणारा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता, आणि लागण सुकत होती. आबाच्या बायकोनं भांडी पुन्हा सोडली. मला कायम नोकरीवरून काढून वर्षभर रोजंदारीवर टाकलं, ते योग्यच झालं. साहेबांना कुणी काही म्हणालं नाही. सहा महिन्यांनी ते दुसरीकडे मोठ्या हुद्द्यावर गेले. निरोपसमारंभाचा हार बारामतीहून आणायला मलाच धाडलं होतं. मी आणला. गाडीत तो हार मांडीवर घेऊन बसलो होतो, ते आठवलं की अजून दात खातो.

जोड नव्यानं केला, या वेळी दोन्हीकडून कापून, मधे नवा तुकडा घालून. मग मी पंपघरातून केबल तपासायला बसलो. दांडा फिरवला. काटा कोसळला, चढला, टोकाला टेकला. मी मोठ्यानं म्हणालो, "शंभराच्या वर!"

आबा जवळ आला. "सांगू नका, मास्तर. दावा."

"काय दाखवू?"

"काटा."

त्यानं धोतराला हात पुसले, गुडघे टेकून बसला आणि काचेवर डोळा लावला. मला पुन्हा पहिल्यापासून दांडा फिरवावा लागला. काटा टोकाला टेकलेला त्यानं स्वतः बघितला, तेव्हाच तो उठला.

पुढे दर तीन महिन्यांनी मी तिथं तपासायला जायचो, आणि दर वेळी हेच. एकदा मला ते झोंबलं. मी म्हणालो, "टेस्टर मी की तुम्ही, आबा?" तो म्हणाला, "तुमीच. पर काटा म्या बघणार." त्यानं कधी वाकडा शब्द काढला नाही. चहा द्यायचा, घरची विचारपूस करायचा, शेळगावच्या जत्रेहून आला की माझ्यासाठी रेवड्या आणायचा. मला वाटायचं, विसरला असेल. मग मी पेटी उघडली की तो हातातलं काम टाकून यायचा.

दशक संपता संपता मला सोलापूरला नोकरी लागली. जाण्यापूर्वीची शेवटची तपासणी होती. सकाळचं ऊन पंपघराच्या दारातून आत आलं होतं. आबाला तोवर कमी दिसू लागलं होतं. मी दांडा फिरवला. तो बसला, काचेला नाक टेकवलं, डोळे बारीक केले, मान इकडून तिकडे वळवून बघितली. काटा काही त्याला दिसेना.

"आबा," मी म्हणालो, "टोकाला टेकलाय. शंभराच्या पुढे आहे. खरंच सांगतो."

त्यानं दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा हिकडं ये. काटा कुठं हाय त्यो बघ."

ती पदराला हात पुसत आली, त्याच्या शेजारी खाली बसली, आणि मी दांडा पुन्हा पहिल्यापासून फिरवायला घेतला.